बी.एस्सी. करून पुढे काय?

इंदूरला होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासून आहे. तरी मुलाने बी.एस्सी. घेतो म्हटलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "का, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही का?"

माझ्या भाचीला फिजिक्स घ्यायचंय. मी बी.ई., सॉफ्टवेअरवाला, म्हणून तिला समजवायचं काम माझ्याकडे आलं. ताई म्हणाली, "तिचे बाबा सहा वर्षांनी रिटायर होतील. तोवर ही कमावती होईल का, एवढं सांग."

हिशेब मांडून पाहिला. भोपाळ किंवा पुण्याच्या आयसरमध्ये बीएस-एमएस पाच वर्षांचं. पुढे पीएच.डी.साठी जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. म्हणजे सहा वर्षांत कमावती होईल, स्थिर मात्र नाही. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, नंतर बहुधा पोस्टडॉक. कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. शास्त्रात पैसा नाही असं आपण उगाच म्हणतो. खरी अडचण आहे ती थांबण्याची, आणि घर तेवढं थांबू शकतं का, हे आधी उघड बोलायला हवं. इंजिनिअरचा पगार चार वर्षांनी सुरू होतो, पण त्याचीही हमी नाही. शेजारची टेबलं एका दुपारीत रिकामी झालेली मी पाहिली आहेत.

एक जवळची वाट आपल्या गावातूनच जाते. राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ मध्ये १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांवर संशोधन चालतं. अशा ठिकाणी एम.एस्सी. झालेली मुलं बीएआरसीच्या प्रशिक्षण शाळेतून येतात. गेटचे गुण किंवा लेखी परीक्षा, मग मुलाखत, वर्षभर प्रशिक्षण, आणि वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. जागा मोजक्याच, हेही ताईला सांगितलं.

भाचीला एकच विचारलं: न सुटलेला प्रॉब्लेम घेऊन रात्री बसतेस, की उत्तर बघून मोकळी होतेस? ती हसली आणि वही दाखवली. एका प्रॉब्लेमला चार पानं, उत्तर तरीही चूक. मला ती चार पानं पुरली.

मग ताईचं "आणि नाहीच जमलं तर?" आलं. त्यासाठी पहिल्या वर्षापासून पायथन आणि संख्याशास्त्र सोडायचं नाही, असं ठरलं. आमच्या टीममध्ये फिजिक्सचे दोन एम.एस्सी. आहेत. कोड लिहायला ते आमच्यापेक्षा उशिरा शिकले, पण आकडे जुळेनासे झाले की आम्ही बी.ई.वाले त्यांच्याच टेबलाशी जातो.