पिशवी काढण्यापूर्वी...

दसरा-दिवाळी उरकली की शिरूर कासार तालुक्यातली अनेक गावे अर्धी रिकामी होतात. बिऱ्हाड गाडीवर चढते आणि साखर कारखान्यांची वाट धरते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून खाडा परवडत नाही. अशा बाईच्या अंगावरून जास्त जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, तर तिला एकच तोड सुचवली जाते: ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’

या सल्ल्याचे मोल किती, ते 2019 साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी जाण्याचा काळ अकाली येतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

यांतल्या कितीजणींच्या पिशवीत आधी कुणी डोकावून पाहिले असेल? डोकावण्याची सोय आहे. तिचे नाव हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाची तपासणी. 1869 साली पँटेलिओनी नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या एका बाईची अशी तपासणी करून आतला कोंब शोधला होता.

यात पोटावर काप नसतो. काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गाने आत नेतात, सलाइनच्या पाण्याने गर्भाशय थोडे फुगवतात आणि आतला भाग पडद्यावर दिसतो. सोनोग्राफीत सावली दिसते, इथे प्रत्यक्ष अस्तर दिसते. कोंब किंवा आतल्या बाजूची लहान गाठ बहुधा त्याच वाटेने काढता येते, तपासणीसाठी तुकडाही घेता येतो. पुष्कळदा तेवढ्यानेच रक्तस्राव आटोक्यात येतो आणि पिशवी शाबूत राहते.

मात्र ही तपासणी प्रत्येकीला लागत नाही. नुसते पांढरे जात असेल तर बहुधा औषधांनी भागते. पाळीत फार रक्त जाणे, मधेच डाग पडणे, वारंवार गर्भपात होणे, मूल न राहणे, ही तिची कारणे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही अंगावर काढू नये.

तपासणी शक्यतो पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. दिवस गेल्याची शंका असेल किंवा आत जंतुसंसर्ग असेल, तर आधी सांगावे. भूल देणार असल्यास किती तास उपाशी राहायचे, ते विचारून घ्यावे. भूल नसेल तर पाळीसारख्या कळा येतात. सहन होत नसल्यास ‘थांबा’ म्हणावे, तो आपला हक्क आहे. बहुतेकजणी त्याच दिवशी घरी जातात. काही दिवस थोडे रक्त जाते. त्या काळात कपडा आत ठेवू नये, संबंध टाळावा. ताप, घाण वास, असह्य दुखणे किंवा पॅडमागून पॅड भिजणे, यांपैकी काही झाले तर लगेच दवाखाना गाठावा. गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका अल्प असला, तरी असतो.

बँकेत अंगठा घेण्यापूर्वी कागद वाचून दाखवण्याची रीत आहे. आम्ही आयुष्यभर ती पाळली. दवाखान्यातल्या संमतीपत्राला ती का नसावी? काय दिसले, काय काढणार, दुसरा उपाय कोणता, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अंगठा उठवू नये. शंका असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दुसरे मत घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयानेही 2023 साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना लागू करायला सांगितली. पण न्यायालय प्रत्येक पालावर येणार नाही. तिथे घरातल्या माणसांनीच विचारायला हवे: ‘डॉक्टरसाहेब, आधी आत पाहिले का?’