पाण्यात उतरण्याचा हक्क आणि सुखरूप बाहेर येण्याचा हक्क

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. पोहायला गेलेली मुले बुडाली. कधी शेततळ्यात, कधी पाझर तलावात, कधी पाणी साचलेल्या दगडखाणीत. गावाचे नाव बदलते, बातमी तीच राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. आपण मात्र 'नशीब' म्हणून मोकळे होतो. हे नशीब आहे की व्यवस्था?

आमच्या शहराचेच पाहा. गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, महापालिकेचा सिद्धार्थ जलतरण तलाव आहे, खासगी तलावही आहेत. जो शुल्क भरू शकतो, त्याच्या मुलाला प्रशिक्षक मिळतो. ज्याचा बाप बिगारी आणि आई धुणीभांडी करते, त्या मुलालाही तेच ऊन लागते. ते खाणीकडे जाते. तिथे ना खोलीची खूण, ना दोर, ना जीवरक्षक. शेततळ्याच्या प्लास्टिकवर तर पायच ठरत नाही. पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते माणूस म्हणून समान हक्क बजावण्यासाठी. हाच हक्क पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये आला. राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट वापरताना जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येत नाही. तरीही जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली.

अमेरिकेत वेगळे काय घडले? मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात सार्वजनिक सोयी काळ्या-गोऱ्यांना एकत्र खुल्या करण्याची वेळ आली, तेव्हा नगर प्रशासनाने जलतरण तलावच बंद केले. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय कायम ठेवला. आज तिथे तलावात बुडून मरणाऱ्या काळ्या मुलांचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या कितीतरी पट आहे. दार बंद केले की पुढच्या पिढ्या पोहायला शिकत नाहीत. आपल्याकडे हेच दार आता जातीबरोबर शुल्कानेही बंद होते.

कायदा मुका नाही. १९९५ साली पंजाबात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले. एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल ज्याच्या ताब्यात, काळजीची जबाबदारी त्याची, हा त्याचा अर्थ. तलाव चालवणाऱ्यालाही हेच लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. दारावर 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे' अशी पाटी लावून जबाबदारी झटकता येत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक पाळीला जीवरक्षक हवा. शिकवणारा वेगळा, लक्ष ठेवणारा वेगळा. खोलीचे आकडे मोठ्या अक्षरांत हवेत, तळाच्या निचऱ्यावर भक्कम जाळी हवी. क्लोरीन आणि सामू रोज तपासून फलकावर लिहावा; सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. तळ दिसत नसेल तर तलाव बंद ठेवावा. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना मोफत पाळी, महिलांसाठी महिला प्रशिक्षक. छातीभर पाण्यात शरीराचा भार निम्म्याहून हलका होतो; गुडघे झिजलेल्या कष्टकरी बाईला असा व्यायाम दुसरा नाही. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि काठाला बांधलेला दोर सक्तीचा करावा.

नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या शहरात ही चैन कशाला, असे कोणी विचारेल. गाळणयंत्रणा नीट चालली तर तेच पाणी महिनोन्महिने वापरता येते. बांगलादेशात तर गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवले जाते. प्रश्न पैशाचा कमी, इच्छेचा जास्त आहे.

आणि कार्यकर्त्यांनो, निवेदन देऊन थांबू नका. वस्तीवस्तीत सांगा: बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, गुपचूप खाली जातो. पोहता येत नसेल तर उडी मारू नका. दोर, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबत बसू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि १०८ ला फोन करा.

चवदार तळ्याने आपल्याला पाण्यात उतरण्याचा हक्क दिला. आपल्या लेकरांना त्या पाण्यातून सुखरूप बाहेर आणणे, ही लढाई आता आपली आहे.