कृष्णेच्या जलाशयातील बेट

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जंजिरा किंवा सिंधुदुर्ग उभा राहतो. हैदराबाद तर समुद्रापासून कितीतरी दूर. तेव्हा येथून सकाळी निघून एखादे बेट पाहावे आणि रात्री घरी परतावे, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु शहरापासून सुमारे 150 किलोमीटरवर, नागार्जुनसागराच्या जलाशयात, असे एक बेट आहे. त्याचे नाव नागार्जुनकोंडा. तेलुगू भाषेत 'कोंडा' म्हणजे डोंगर. बेटाला डोंगर का म्हणतात, या प्रश्नाच्या उत्तरातच या स्थळाची कथा आहे.

धरण होण्यापूर्वी येथे बेट नव्हतेच. तिन्ही बाजूंस डोंगर आणि चौथ्या बाजूस कृष्णा, असे ते एक विस्तीर्ण खोरे होते. महाबळेश्वरी उगम पावणारी हीच आपली कृष्णा. पैठणच्या सातवाहनांची सत्ता मावळल्यावर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, इक्ष्वाकू राजांनी या खोऱ्यात विजयपुरी ही आपली राजधानी वसविली. राजा शांतमूल याने अश्वमेध यज्ञ केला, तर त्याच्या भगिनीने बौद्धांच्या महाचैत्यासाठी उदार हस्ते दान दिले. एकाच नगरीत देवळेही होती आणि स्तूप व विहारही होते. सिंहलद्वीपाच्या नावाचा एक विहारही तेथे होता, हे शिलालेखावरून कळते. नदीवर दगडी घाट होते; लोकांना बसण्यासाठी चारी बाजूंनी पायऱ्या असलेले एक प्रेक्षागारही होते.

पुढे ही नगरी ओस पडली व मातीखाली गेली. 1926 साली तिचे अवशेष उजेडात आले. पण तिच्या भाग्यात मातीनंतर पाणी लिहिलेले होते. 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नागार्जुनसागर धरणाची कोनशिला बसविण्यात आली. धरण पूर्ण झाले की खोरे बुडणार, हे उघड होते. म्हणून पुरातत्त्व खात्याने 1954 ते 1960 या काळात तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन केले. निवडक वास्तू दगड दगड सुटा करून हलविल्या व पुन्हा उभ्या केल्या. काहींच्या प्रतिकृती बांधल्या. त्यांतील काही खोऱ्यातील एका उंच डोंगरावर, तर प्रेक्षागारासारख्या काही जलाशयाच्या काठी अनुपू येथे आहेत. पाणी चढले, खोरे बुडाले आणि त्या डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. तेच आजचे बेट!

सहलीस जाणाऱ्यांनी पहाटेच निघावे. धरण पाहून विजयपुरी दक्षिण येथील धक्क्यावर जावे. तेथून लाँच बेटावर जाते. पाणी कमी असल्यास ती बंद असू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. बेटावरील संग्रहालय शुक्रवारी बंद असते. तेथे बुद्धचरित्रातील प्रसंग कोरलेल्या चुनखडी दगडाच्या शिला आहेत. त्या घाईने पाहू नयेत. जवळच जुन्या किल्ल्याची तटबंदीही दिसते.

या सहलीत एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. 4 ऑगस्ट 1967 रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते कालव्यांत पाणी सोडण्यात आले आणि दूरदूरची कोरडवाहू शेते भिजू लागली. आज हैदराबादेतील पुष्कळ घरांच्या नळालाही याच जलाशयाचे पाणी येते. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्यासाठी एक प्राचीन नगरी पाण्याखाली गेली, आणि त्या खोऱ्यात नांदणाऱ्या गावकऱ्यांना आपली घरेदारे सोडावी लागली. नगरीचे दगड संग्रहालयात जपले गेले. त्या गावांची आठवण मात्र तेथे कोणी कोरून ठेवलेली नाही.

म्हणून परतीच्या लाँचमधून खालच्या निळ्या पाण्याकडे क्षणभर पाहावे. घरी आल्यावर जो पेला आपण भरून घेऊ, त्यातले पाणी कोणाच्या अंगणावरून आले आहे, हे ध्यानात राहिले, तर सहलीचे सार्थक झाले असे समजावे.