जुन्या जीपगाडीचे सुटे भाग: अस्सल कोणते, नक्कल कोणती

भाताच्या जाती, खतें आणि कीड यांविषयीं या मासिकांत नेहमीं लेख येतात, व ते येणें युक्तच आहे. परंतु ज्या गाडीनें आपण तीं खतें नेरळहून घरीं आणतों, त्या गाडीच्या प्रकृतीविषयीं आपण सहसा बोलत नाहीं. आमच्या पोशीर गांवांत व नेरळ-कळंब रस्त्यावरील इतर गांवांत जुन्या गाड्या बाळगणारे शेतकरी अजून आहेत. कोणी नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य नाहीं म्हणून, तर कोणी चिखलाच्या वाटेवर जुनी जीप चालते तशी नवी चालत नाहीं या विश्वासानें. मी दुसऱ्या वर्गांतला. माझी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. यंत्रशास्त्र मी शिकलेलों नाहीं. खालीं जें लिहिलें आहे तें पदरचे पैसे मोडून शिकलेलें आहे, आणि एकदां तर प्राणावर बेतल्यावर.

जीप हें वाहन मूळचें दुसऱ्या महायुद्धांतलें. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलीज जीपचे भाग परदेशांतून आणून मुंबईस त्यांची जुळणी सुरू केली, आणि पुढें त्याच घाटाच्या गाड्या येथेंच तयार होऊं लागल्या. आमची गाडी १९८८ सालची असून तिचें डिझेल इंजिन पूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर आपल्या देशांत बनलेलें आहे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणून २००३ सालापासून दर पांच वर्षांनीं आम्ही ती तपासणीस नेऊन नोंदणी वाढवून घेतों, व पर्यावरण कर भरतों. इतकें करून गाडी ठेवावयाची तर तिला घालावयाचे भागहि त्याच योग्यतेचे पाहिजेत, हें मला फार उशिरां कळलें.

मृगाचे दिवस होते. राबावर भात पेरून झालें होतें आणि मी खताच्या दहा गोण्या घेऊन नेरळहून परतत होतों. शेजारीं माझा धाकटा नातू बसला होता. उताराच्या मोरीजवळ म्हशी आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला, तों पाय थेट तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबला, तरी तेंच. गाडी दुसऱ्या गिअरांत होती व हातब्रेक ठीक होता, म्हणून रस्त्याच्या कडेच्या मातीच्या ढिगाला घासून ती थांबली. नातवाच्या कपाळाला खोक पडली; याहून अधिक कांहीं झालें नाहीं.

मेस्त्रीनें मागचें उजवें चाक खोललें. फेब्रुवारींत त्याच चाकाच्या ब्रेक सिलिंडरांत मीं नव्या रबरी वाट्या बसविल्या होत्या. त्या फुगून गुळासारख्या मऊ झाल्या होत्या आणि एकीची कड फाटली होती. बाकीच्या तीन चाकांत तेंच तेल होतें, परंतु तेथील जुन्या वाट्या शाबूत होत्या. तेव्हां दोष तेलाचा नव्हता, रबराचा होता. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांचें ब्रेक ऑइल एकाच वाटेनें जातें. एके ठिकाणीं गळती झाली कीं सर्व चाकें मोकळीं होतात. वाट्यांचा तो संच मीं नव्वद रुपयांस घेतला होता; चांगला संच तीनशेंच्या वर होता. दोनशें रुपये वांचविल्याचा मला त्या वेळीं मोठा संतोष वाटला होता.

खरी लाज पुढेंच आहे. त्या संचाचें रिकामें पाकीट घरीं सांपडलें. त्यावर नामांकित कंपनीचें नांव होतें, परंतु माल कोठें भरला त्याचा पत्ता नव्हता, महिना व वर्ष नव्हतें, कमाल किंमत छापलेली नव्हती, आणि कंपनीच्या नांवांतील एक अक्षर चुकलेलें होतें. बंद पाकिटांतील मालावर या गोष्टी छापल्याच पाहिजेत असा कायदा आहे. सातबाऱ्याच्या नकलेवर शिक्का किंचित् तिरपा दिसला तरी ती परत पाठविणारा मी, पण ब्रेकच्या पाकिटाकडे वळूनहि पाहिलें नव्हतें. कचेरींत नक्कल खरी असल्याचा दाखला मिळतो; बाजारांत नक्कल म्हणजे नक्कलच.

त्यानंतर मीं या विषयाची चौकशी लावली. मुंबईस ऑपेरा हाऊसकडील सुट्या भागांच्या दुकानांतून आणि कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील जुन्या मालाच्या गाळ्यांतून हिंडलों. तेथें एक गोष्ट ध्यानांत आली, ती अशी कीं ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच वर्ग नाहींत. गाडी बनविणारी कंपनी सर्व भाग स्वतः घडवीत नाहीं. बेअरिंग एकाकडून, क्लच दुसऱ्याकडून, फिल्टर तिसऱ्याकडून घेते. तोच कारखानदार तोच भाग आपल्या स्वतःच्या पेटींतूनहि विकतो, व तो बहुधा स्वस्त पडतो. असा भाग निःशंक घ्यावा. दुसऱ्या कारखान्यानें स्वतःच्या नांवानें केलेला भाग चांगला असूं शकतो, वाईटहि असूं शकतो. पण तो निदान आपलें नांव लपवीत नाहीं. परक्याचें नांव छापून विकलेला माल मात्र चोराचा समजावा, मग तो कितीहि चकचकीत असो.

जुन्या गाडीच्या धन्याला आणखी एक अडचण असते. कंपनीच तो भाग करीत नाहीं. प्रीमियर पद्मिनीचेंच पहा. कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी ती गाडी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती गेली. आज तिचा ‘कंपनीचा’ म्हणून मिळणारा भाग एक तर जुन्या साठ्यांतला असतो, नाहीं तर दुसऱ्याच कोणाचा. जुना साठा लोखंडी भागाचा असेल तर उत्तम. गंज मात्र पहावा. रबराचा असेल तर तो अस्सल असूनहि घेऊं नये. रबर न वापरतां ठेवलें तरी म्हातारें होतें, त्याला भेगा पडतात. टायरच्या बाबतींत हें वय पाहण्याची सोय आहे. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार ‘नवा टायर’ म्हणून देतो, तो कधीं कधीं चार पावसाळे पाहिलेला असतो.

काटकसर करूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. दार, बॉनेट, बंपर, सीटचा सांगाडा, आरशाची दांडी हे भाग भंगारांतून खुशाल घ्यावे; मीं दोन्ही दारें तशींच घेतलीं. गिअरपेटीचें कवच तडा नाहीं असें पाहून घेण्यास हरकत नाहीं. पाटे बसले असतील तर जाणत्या लोहाराकडून त्यांना पुन्हां बांक देतां येतो. परंतु ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, चाकाचें बेअरिंग व टायर हे जुने घेऊं नयेत. पुराच्या पाण्यांत बुडालेल्या गाडीचे तर मुळींच नाहींत. दार खिळखिळें झालें तर खडखडेल. टायरॉडचा सांधा निखळला तर गाडी कोणाच्या अंगणांत शिरेल हें सांगतां येत नाहीं.

डिझेल फिल्टरचें महत्त्व आपल्याकडे कोणी मानीत नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. पंपांतील व नोझलमधील भाग अत्यंत बारीक मापानें बसविलेले असतात. धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब त्यांना ओरखडे पाडतो, गंज चढवितो. आपल्या कर्जत तालुक्यांतील पावसाळी हवेंत अर्ध्या भरलेल्या टाकींत दंव साचतें, तें खालीं बसतें. स्वस्त फिल्टरचा कागद विरळ असतो व कडेला डिंक नीट नसतो, त्यामुळें डिझेल न गाळतांच पुढें जातें. फिल्टरमध्यें शंभर रुपये वांचवून नोझलच्या दुरुस्तीस हजारों घालणारे मीं पाहिले आहेत. ब्रेक ऑइलहि हवेंतील ओल शोषतें. म्हणून उघडी राहिलेली बाटली फेंकावी, आणि गाडींतील तेल दोन वर्षांनीं बदलावें. ब्रेकचे रबरी भाग डिझेलनें किंवा पेट्रोलनें धुणारा मेस्त्री दिसला तर त्याचा हात धरावा, कारण त्यानेंच रबर फुगतें.

मेस्त्रीविषयीं एक स्पष्ट सांगतों. कित्येक मेस्त्रींना दुकानाकडून दलाली मिळते. यांत सर्वच वाईट नाहीं, पण भाग आपण स्वतः जाऊन घ्यावा. निघालेला जुना भाग बरोबर न्यावा, त्यावरचा नंबर जुळवावा, वजन हातांत तोलून पहावें, पक्की पावती मागावी. पावती देण्यास कांकूं करणाऱ्याचा माल घेऊं नये.

घरीं मीं एक वही घातली आहे. भाग, नंबर, दुकान, किंमत, बसविल्याची तारीख व किलोमीटर असे रकाने आहेत. या वहीवरून मला कळलें कीं स्वस्त फॅन बेल्ट वर्षांत दोनदां बदलावा लागला आणि दुप्पट किंमतीचा तिसऱ्या वर्षीं अजून चालू आहे. आपल्या संघानें फिल्टर व ब्रेक ऑइल एकत्र मागविलें तर सभासदांस अस्सल माल रास्त दरांत मिळेल, अशी माझी सूचना आहे; पुढील सभेंत ती मांडीन.

उजव्या चाकाचें काम झालें. बाकी तीन चाकांच्या वाट्या तूर्त शाबूत असल्या तरी त्यांचें वय झालें आहे. नवा संच आणून ठेवला आहे. पाकीट जपून वहींत लावलें आहे. भाताची झोडणी आटोपली कीं तें काम काढणार आहें, आणि तोंवर गाडींत पांच गोण्यांपेक्षां अधिक भार घालीत नाहीं.