तारांकित मुक्काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईस कामानिमित्त येणारा आणि उंची हॉटेलात उतरण्याची ऐपत किंवा कंपनीची मंजुरी असलेला गृहस्थ बहुधा असे गृहीत धरून चालतो की, शहराच्या मध्यवर्ती व्यापारी वस्तीत खोली घेतली म्हणजे सर्व कामे हाकेच्या अंतरावर येतील. वस्तुतः मुंबईत अशी एकच मध्यवर्ती वस्ती नाही. जुना व्यापारी गाभा, म्हणजे फोर्टातील रिझर्व्ह बँक, उच्च न्यायालय व दलाल स्ट्रीट आणि त्यालगत समुद्रात भर घालून उभारलेले नरिमन पॉइंट, हा शहराच्या मध्यावर नसून दक्षिण टोकाशी आहे. आणि राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, हिरे बाजार व अनेक बँकांच्या मुख्य कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात स्थिरावल्यापासून तितक्याच तोलाचा दुसरा गाभा उत्तरेस निर्माण झाला आहे. म्हणून ज्याचे काम मंत्रालयात आहे त्याने संकुलात, आणि ज्याची सुनावणी सेबीपुढे आहे त्याने कुलाब्यास उतरणे, हे हॉटेल कितीही नामांकित असले तरी गैरसोयीचेच ठरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण लांबीने सुरू झाल्यापासून विमानतळाची दोन्ही टर्मिनले, वांद्रे-कुर्ला संकुल, हुतात्मा चौक आणि विधान भवन ही एकाच मार्गावर आली आहेत. तेव्हा पसंतीचे हॉटेल कामाच्या जागेपासून दूर असेल तर निदान ते मेट्रोच्या स्थानकापासून पायी किती अंतरावर आहे, एवढी खातरजमा अवश्य करावी.

दुसरा रूढ समज ताऱ्यांविषयीचा. संकेतस्थळावर नावापुढे पाच तारे दिसले की ते सरकारने बहाल केलेले आहेत, असे पुष्कळांना वाटते. भारतात हॉटेलांचे अधिकृत वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते, ते पाच वर्षांपुरते असते, आणि मुख्य म्हणजे ते ऐच्छिक असते. म्हणून एखाद्या उत्तम हॉटेलाने ते घेतलेलेच नसेल हे संभवते, आणि संकेतस्थळावरचे तारे हे ते संकेतस्थळ चालविणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने दिलेले असू शकतात. ऐतिहासिक हॉटेलांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या शेजारचा उंच मनोरा १९७० च्या दशकातला आहे, आणि प्राथमिक श्रेणीच्या खोल्या त्या मनोऱ्यात असतात. ज्याला घुमटाखालच्या जुन्या वास्तूतच राहण्याची हौस असेल त्याने खोलीची श्रेणी नावासह वाचून, जरूर तर दूरध्वनीवरून विचारून, मगच आरक्षण करावे.

एका रात्रीचे भाडे म्हणजे चोवीस तासांचा हक्क, ही कल्पना तर फारच खोलवर रुजलेली आहे. मोठ्या हॉटेलांत खोली सामान्यतः दुपारी दोन किंवा तीन वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास सोडावी लागते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालेला प्रवासी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, दहा वाजता त्याची बैठक असते, आणि खोली मात्र दुपारपर्यंत त्याच्या हाती येत नाही. अशा प्रसंगी लवकर प्रवेशाची तजवीज आगाऊ लेखी मागून घ्यावी. तिला बहुधा अर्ध्या दिवसाचा आकार पडतो. तो देणे नको असेल तर सामान दाराशी ठेवून घेण्याची सोय बहुतेक सर्वत्र असते, आणि व्यायामशाळेलगतच्या स्नानगृहात अंघोळ करून कपडे बदलण्याची मुभा विनंती केल्यास पुष्कळदा मिळते. ही विनंती करण्यास भल्या भल्यांना उगाच संकोच वाटतो.

व्यावसायिकांचे हॉटेल म्हणजे शांत हॉटेल, हेही असेच. या हॉटेलांचे उत्पन्न केवळ खोल्यांवर चालत नाही. लग्नसराईत त्यांची सभागृहे वऱ्हाडांनी गजबजलेली असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास मनाई केली आहे खरी, तथापि बंदिस्त सभागृहे त्यातून वगळली आहेत. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे सादरीकरण असलेल्याने आपल्या तारखेस समारंभ आहे काय, हे विचारावे आणि सभागृहापासून व उद्वाहकापासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागावी.

आता हिशेबाकडे वळू, कारण गैरसमजांची दाटी खरोखर येथेच आहे. दाखविलेला दर हा पुष्कळदा करापूर्वीचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे १४,००० रुपयांची खोली १६,५२० रुपयांस पडते. अशा हॉटेलातल्या जेवणावरही सामान्यतः १८ टक्केच कर लागतो, रस्त्यापलीकडच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. याउलट, सेवा शुल्क देणे बंधनकारक आहे हा समज सपशेल चुकीचा आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरविली. ते काढून टाकण्यास नम्रपणे सांगावे; न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र पाण्याच्या बाटलीस छापील किमतीहून अधिक पैसे घेतले म्हणून कायद्याचा हवाला देणाऱ्याची बाजू लंगडी पडते, कारण हॉटेलांना तशी आकारणी करण्याची मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच दिली आहे.

प्रवेशाच्या वेळी कार्डावर रोखून धरलेली रक्कम हा खर्च नव्हे, ती अनामत होय. परंतु डेबिट कार्ड दिले असल्यास ती खात्यात मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात, म्हणून या कामी क्रेडिट कार्ड बरे.

सर्वांत महागात पडणारा समज बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घातला की कराचे क्रेडिट मिळतेच, हा आहे. मुक्कामाच्या सेवेचा कर ती वास्तू ज्या राज्यात असेल त्या राज्यात आकारला जातो. मुंबईच्या हॉटेलावर केंद्राचा व महाराष्ट्राचा कर लागतो. कोल्हापूरच्या उद्योजकाला त्याचे क्रेडिट घेता येते, पण ज्याची नोंदणी केवळ कर्नाटकात आहे अशा बेळगावच्या कारखानदाराला, तो मराठी असला आणि काम तंतोतंत तेच असले तरी, ते घेता येत नाही, आणि १८ टक्क्यांची ती रक्कम त्याच्या खर्चातच राहते. अशा गृहस्थाने दोन हॉटेलांची तुलना करसहित दरावरच करावी. आणि ज्याला क्रेडिट मिळू शकते त्याने कंपनीचे नोंदणीकृत नाव व क्रमांक आरक्षणाच्या वेळीच द्यावा, कारण एकदा निघालेल्या बिलात फेरफार करण्यास हिशेब खाते सहसा नाखूश असते.