बागेतलं जोडीनृत्य: तोलासाठीही, सोबतीसाठीही

‘एकदा पडल्यापासून बाबा घराबाहेरच जात नाहीत,’ ही तक्रार आम्हा डॉक्टरांना नेहमी ऐकायला मिळते. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, त्यामुळे पायांतली ताकद जाते आणि तोल आणखी बिघडतो. हळूहळू भेटीगाठीही थांबतात. हे चक्र थांबवण्याचा एक आनंददायी मार्ग म्हणजे मोकळ्या हवेतलं जोडीनृत्य.

ब्यूनोस आयर्सच्या बागेत काय चालतं?

अर्जेंटिनाच्या या राजधानीत बेलग्रानो भागातल्या बागेत ‘ला ग्लोरिएता’ नावाचा छत असलेला गोल चौथरा आहे. संध्याकाळी तिथे लोक टँगो नाचायला जमतात. तिकीट लागत नाही. तरुण, वृद्ध, नवखे, मुरलेले सगळे एकाच रिंगणात घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात.

टँगोच्या रिवाजांमुळे अनोळखी माणसंही सहज जवळ येतात. नजरेने विचारायचं आणि मान हलवून होकार द्यायचा. नकार द्यायचा असेल तर नजर वळवायची, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. तीन-चार गाण्यांनंतर थोडा वेळ थांबून जोडीदार बदलतात. त्यामुळे जोडीदार गमावलेली किंवा एकटी राहणारी व्यक्तीही बाजूला पडत नाही. मधल्या विश्रांतीत दम खाता येतो आणि चार शब्द बोलताही येतं.

शरीराला काय फायदा होतो?

टँगो म्हणजे मुळात संगीताच्या तालावरचं चालणं. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणं, मागे पाऊल टाकणं, थांबणं, पुन्हा निघणं आणि वळणं या त्यातल्या मुख्य हालचाली. घरात आपण अनेकदा पडतो तेही वळताना किंवा मागे सरकताना. म्हणजे नेमक्या याच हालचालींचा सराव होतो, आणि तोही कुणाचा तरी आधार हाताशी असताना.

पार्किन्सनच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत टँगो शिकल्यावर तोल आणि चालणं सुधारल्याचं दिसलं. जोडीदारासह आणि जोडीदाराविना अशी तुलनाही झाली. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण जोडीने नाचणाऱ्यांना जास्त मजा आली आणि पुढेही यायची त्यांची इच्छा अधिक होती. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण व्यायाम सोडला की त्याचा फायदाही ओसरतो. कुणीतरी आपली वाट पाहत असेल तर माणूस सहसा दांडी मारत नाही.

स्मृतिभ्रंशाबाबत मात्र जपून बोलायला हवं. 2003 साली न्यूयॉर्कमधल्या 75 वर्षांवरील 469 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. पण ज्यांचा मेंदू आधीपासून तल्लख आहे तेच जास्त नाचत असतील, हीही शक्यता आहे. त्यामुळे नृत्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे कसं करता येईल?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या शुभार्थींसाठी नृत्यशिक्षक ऋषिकेश पवार यांनी नृत्यवर्ग चालवले आहेत. तुमच्या गावात असा वर्ग नसेल तरी बागेतल्या चार-सहा ओळखीच्यांपासून सुरुवात करता येते. नृत्य टँगोच असायला हवं असं नाही. हात धरून तालावर चालणं किंवा संथ लयीतल्या टिपऱ्याही चालतील. फुगडीची गिरकी मात्र ज्येष्ठांनी टाळावी.

- जागा सपाट आणि कोरडी असावी. ऊन टाळून सकाळी किंवा संध्याकाळी जमा.
- टाचेला पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणं घाला. चप्पल नको.
- सुरुवातीला 10-15 मिनिटं पुरेत. नाचताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा.
- पार्किन्सन असेल तर गोळीचा परिणाम चांगला जाणवतो ती वेळ निवडा.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी जाऊ नका. खिशात साखर ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. हे जोडीनृत्य त्यात धरता येईल.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावं?

अलीकडे हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा हाड मोडणं झालं असेल, वारंवार चक्कर येत असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वर्षभरात दोनदा पडला असाल, तर आधी तपासून घ्या. नाचताना छातीत दडपण, भोवळ, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हाता-पायातली शक्ती जाणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा आणि 108 वर फोन करा.

घरच्यांसाठी

‘या वयात नाच?’ असं हसून म्हटलेलं वाक्यही एखाद्याला कायमचं घरी बसवू शकतं. त्याऐवजी पहिल्या दिवशी सोबत जा. बाकावर बसून नुसतं बघायलाही हरकत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनीही रिंगणात यावं. एरवी औषध, पथ्य आणि तपासण्या यांतच अडकलेल्या नवरा-बायकोला त्या अर्ध्या तासात पुन्हा एकमेकांचा हात नुसता सोबतीसाठी धरता येतो.