मेळघाटातील कोरकू मौखिक परंपरा आणि संरक्षित वारशाची संकल्पना

संरक्षित वनक्षेत्रातील सांस्कृतिक वारसा म्हटले की प्रथम दगडी अवशेष डोळ्यांपुढे येतात. छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांत पसरलेल्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात (१९८६) पितळखोऱ्याची लेणी आहेत. मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात गाविलगड व नरनाळा हे किल्ले आहेत. या वास्तूंना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभले. अरण्यात राहणाऱ्या समाजांच्या कथा, गीते व विधी यांना मात्र वारसा म्हणून मान्यता मिळण्यास फार विलंब लागला. वास्तू जागची हलत नाही. माणसे हलविता येतात. तेव्हा माणसांच्या मुखी टिकणाऱ्या वाङ्मयाचे स्थलांतरात काय होते, हा लोकवाङ्मयाच्या अभ्यासाचाच प्रश्न ठरतो.

मेळघाटातील कोरकू समाजाची भाषा मराठी वा हिंदीप्रमाणे आर्यकुलातील नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील असून त्या शाखेची सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनी प्रत्यय. 'कोरकू' या नावाचा अर्थच 'माणसे' असा होतो.

या समाजाची उत्पत्तिकथा रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलेली आहे. रावणाच्या विनंतीवरून महादेवाने निर्जन डोंगराळ प्रदेशात मनुष्यवस्ती करण्याचे ठरविले. कागेश्वर नावाच्या कावळ्याने वारुळाची तांबडी माती शोधली. तिच्या दोन मूर्ती इंद्राच्या घोड्यांनी तुडविल्या, तेव्हा महादेवाने राखणीसाठी कुत्रा निर्माण केला. पुढे त्या मूर्तींत प्राण फुंकले आणि मुला व मुलाई हे आद्य दांपत्य जन्मास आले. या कथेत माती ही केवळ पार्श्वभूमी नाही. माणूस ज्या भूमीवर राहतो तिच्यातूनच तो घडला, असे नाते ती प्रस्थापित करते.

विधींत हे नाते अधिक दृढ होते. मुठवा देवाचे स्थान गावाशी निगडित असते. मृताच्या स्मरणार्थ 'सिडोली' विधीत कोरीव लाकडी खांब उभारला जातो. त्यास 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात मानवी हक्क जवळजवळ संपुष्टात आणले. १९७३ मध्ये आरंभलेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा होय. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड या गावांपासून पुनर्वसनास प्रारंभ झाला. शेती, शाळा, रस्ता यांच्या अपेक्षेने स्थलांतर स्वीकारणाऱ्यांचा निर्णय भावुकतेने नाकारता येत नाही. परंतु भरपाईच्या हिशेबात घर व जमीन येते. कथेतील ओढा, देवाची जागा आणि पूर्वजांचे खांब येत नाहीत.

येथे मौखिक परंपरेचे तीन स्तर वेगळे करणे आवश्यक आहे. होळीची गीते माणसांबरोबर प्रवास करतात. देवस्थान नव्या गावी पुन्हा मांडता येते, पण त्यासाठी नवा विधी व नवी कथा लागते. स्थलनामे, पायवाटा आणि त्यांच्याशी जडलेल्या आख्यायिका मात्र मागेच राहतात. त्या जागी जाणे थांबले की सांगणेही थांबते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही उणीव अंशतः भरून काढली. त्याच्या पाचव्या कलमान्वये सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधक कृत्यांपासून अधिवासाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला. संकटग्रस्त वन्यजीव अधिवासातून स्थलांतर करण्यापूर्वी तिची मुक्त व माहितीपूर्ण संमतीही आवश्यक ठरली.

ही तरतूद प्रत्यक्षात येण्यास पुरावा लागतो आणि तेथे साहित्याभ्यासकाचे काम सुरू होते. गीताची संहिता टिपताना ते कोठे, कोणत्या विधीत व कोणत्या स्थळाच्या संदर्भात म्हटले जाते याची नोंद नसेल, तर ते संकलन अपुरे राहते. ही नोंद मूळ भाषेत, मराठी अर्थासह आणि गाव हलण्यापूर्वी व्हावयास हवी. कारण स्थळ सुटल्यानंतर उरलेल्या संहितेवरून तिचा संदर्भ पुन्हा उभा करता येत नाही.